दुसऱ्या चौकटीतलं नाव

लॅबचं काचेचं दार ढकलून परशुराम सावंत आत शिरले आणि त्यांनी आधी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. चार वाजायला दहा मिनिटं होती. खोपटपासून नौपाड्यापर्यंत तरातरा चालत आले, पण काय बोलायचं ते काही ठरलं नव्हतं.

घोडबंदर रोडवरच्या एका नव्या हॉस्पिटलात लॅब सुपरवायझरची जागा त्यांना जवळजवळ मिळाल्यात जमा होती. फॉर्मवर फक्त दोन माणसांची नावं हवी होती, त्यांच्याविषयी खात्रीनं सांगू शकतील अशी. पहिल्या चौकटीत त्यांनी आपल्या जुन्या, कल्याणच्या लॅबचे डॉक्टर घातले. लॅब बंद करून ते मुलाकडे परदेशी गेलेले, पण फोनवर चांगलं बोलले असते. दुसऱ्या चौकटीशी हात अडला. बावीस वर्षं एकाच जागी काढलेल्या माणसाला दुसरा साहेब आणायचा कुठून? मग निशा भोईर आठवली. हाताखाली शिकलेली, आता इथली इन्चार्ज. आपलीच पोरगी, तिला काय विचारायचं, असं म्हणून त्यांनी तिचा नंबर लिहूनही टाकला.

आज दुपारी हॉस्पिटलातून निरोप आला, भोईर मॅडमना चार वाजता फोन करतोय. तेव्हा कुठे परशुराम चपला घालून निघाले. ह्या आपल्याच पोरीचं अनुभवपत्र तिनं कल्याण सोडताना त्यांनी दोन महिने अडकवून ठेवलं होतं. डॉक्टरांची सही राहिलीय, असं दर सोमवारी तिला सांगत राहिले. लॅब बंद झाल्यापासून चार महिने घरी बसलेल्या माणसाला नेमकं नको तेच आठवतं.

"सर? तुम्ही?" निशा केबिनच्या दारात आली. "ब्लड द्यायचंय का?"

"नाही गं. जरा बोलायचं होतं तुझ्याशी." 'तुमच्याशी' म्हणायचं त्यांनी ठरवलं होतं, जीभ वळली नाही.

"बसा ना. यांचं एवढं बघून घेते."

एक आजोबा साखरेच्या रिपोर्टवरून हुज्जत घालत होते. निशा त्यांना शांतपणे समजावत होती, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. परशुराम असते तर दुसऱ्याच वेळी खेकसले असते. आजोबा एकदाचे गेले. परशुराम घाईनं केबिनमध्ये शिरले, तोंड उघडलं, आणि टेबलावरचा फोन वाजला.

"हो, निशा भोईरच बोलतेय." तिची नजर त्यांच्यावर येऊन थांबली. "परशुराम सावंत? नाही, मला कोणी सांगितलं नव्हतं. पण विचारा तुम्ही."

परशुरामांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. बाहेर निघून जावं असं फार वाटलं, पण ते तिथेच उभे राहिले.

"आठ वर्षं मी होते त्यांच्याकडे. वेळेचं म्हणाल तर आमच्या आधी हजर. चुका? एकदा माझ्याकडून सॅम्पलवर भलतंच नाव पडलेलं. तर डोंबिवलीला पेशंटच्या घरी गेले मला घेऊन. माफी त्यांनीच मागितली."

मग पलीकडून काहीतरी लांबलचक विचारलं गेलं.

"परत त्यांच्या हाताखाली काम करीन का?" निशानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "नाही."

परशुरामांचे कान तापले. गेली नोकरी.

"मुलींना फार रडवलंय त्यांनी. मलापण. पण उद्या माझ्या आईचं रक्त तपासायचं झालं तर मी त्यांच्याकडेच पाठवीन. हो. थँक्यू."

तिनं फोन ठेवला.

"एवढं सांगायला हवं होतं?" परशुरामांचा आवाज चिरकला.

"त्यांनी विचारलं, सर. माझं नाव देताना तुम्ही कुठे विचारलेलं?"

ते खाली बसले.

"तुझ्या पत्रावर सही पहिल्याच आठवड्यात झाली होती," ते म्हणाले. "माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होतं."

"माहितीये. डॉक्टरांना मी तेव्हाच विचारलेलं."

तेवढ्यात परशुरामांच्या खिशातला फोन वाजू लागला. हॉस्पिटलचा नंबर होता.

"घ्या ना, सर."

"घेतो." फोन हातात वाजतच राहिला. "आधी सांग, त्या दोन महिन्यांत तुझी कुठली नोकरी गेली?"

बाहेरच्या पेशंटला निशानं पाच मिनिटं थांबायला सांगितलं आणि केबिनचं दार लावून घेतलं.