जसंच्या तसं, चिन्हासकट

पुस्तकं काढणाऱ्या कचेरीत तिला सगळे परवानगीबाई म्हणायचे आणि तिला त्याचा कधी राग आला नाही. कामच ते होतं. एखाद्याच्या पुस्तकात दुसऱ्याची कविता घ्यायची असो, कुणाचा फोटो छापायचा असो, मूळ मालकाला शोधून त्याचा होकार आणायचा तो हिने. होकार हातात पडल्याशिवाय एक ओळ ती छापखान्यात जाऊ द्यायची नाही. लेखक वैतागायचे, "बाई, तुम्ही शिंकायचीसुद्धा परवानगी काढता का हो?" ती म्हणायची, "शेजारी कोण बसलंय त्यावर आहे." अशी नाकासमोर चालणारी बाई. अशा माणसांचं वाईट होऊ नये असं आपल्याला वाटतं, पण आपल्याला विचारतो कोण!

वडील गेले तेव्हा त्यांचं कुलुपं-किल्ल्यांचं दुकान विकावं लागलं. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. आई दूरच्या गावातून लेकीकडे राहायला आली. गुडघे कामातून गेलेले, घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट नावापुरती. आईचं फिरणं म्हणजे पलंगापासून खिडकीपर्यंत.

मग धाकट्याने, म्हणजे परवानगीबाईच्या भावाने, आईला टॅबवर एका मोठ्या कंपनीचा नकाशा लावून दिला. त्यात रस्त्यांचे फोटो एकाला एक जोडलेले असतात. बोट सरकवलं की आपण रस्त्याने पुढे जातो. आई घाबरत घाबरत गावातल्या बेकरीच्या कोपऱ्यावरून निघाली, शिंप्याचं दुकान मागे टाकलं, दवाखान्याच्या पायऱ्या मागे टाकल्या आणि एकदम ओरडली, "अगं बाई, हे!"

बाबाच होते, फोटो ते असतानाचा. स्टुलावर चढून दुकानाची पाटी पुसत होते. पाठमोरे, एक हात वर, शर्टाची कॉलर नेहमीसारखी एका बाजूने आत दुमडलेली. कंपनीचं यंत्र चेहरा दिसला की तो पुसट करतं. पाठीचं त्याला काही कळत नाही. आईला कळतं. जन्मभर त्याच पाठीला हाका मारत आली होती ती.

तेव्हापासून चहा झाला की आई निघायची. धाकटा म्हणाला, "अगं, थेट दुकानाचा पत्ता टाक की." आई म्हणाली, "छे! असं एकदम पुढ्यात जाऊन उभं राहिलं की दचकतात ते. चालत गेलेलं बरं." स्टुलाजवळ पोचली की तिची बडबड सुरू. "उतरा आता, पुरे झालं. पडलात म्हणजे मलाच निस्तरावं लागेल." परवानगीबाई स्वयंपाकघरातून ऐकायची. कधी हसायची, कधी नळ मोठा सोडून रडून घ्यायची.

धाकटा ॲनिमेशनच्या फिल्म करायचा. बाबांवर एक छोटी फिल्म करून महोत्सवाला पाठवायचं त्याने मनावर घेतलं, आणि शेवटी हाच फोटो.

"ताई, कोपऱ्यातलं ते कंपनीचं चिन्ह कापून टाकतो, रंग जरा उबदार करतो आणि हळूहळू बाबांच्या हातावर जातो. काय?"

"नियम वाचलेस?"

"नियम कोण वाचतं गं!"

"मी वाचते." आणि तिने वाचलेच होते. चिन्ह कापायचं नाही, झाकायचं नाही. रंगांना हात लावायचा नाही. चित्र जसंच्या तसं, चिन्हासकट. आणि लोकांना दाखवायचं असेल तर आधी विचारायचं.

"बाबा आपले, मग शिक्का त्यांचा कशाला?"

"बाबा आपले, पण फोटो त्यांचा."

"विचारू नकोस ताई. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा विचारलं की दहा फाटे फुटतात."

ती ऐकते कसली! आणि खोटं कशाला बोला, तिचा हेतू सोन्यासारखा होता. बाबांची फिल्म उद्या कुणीतरी हरकत घेऊन मधेच बंद पाडली तर? तिला ते सहनच झालं नसतं. बाबांकडे कुणी बोट दाखवू नये, एवढंच तिला हवं होतं.

कंपनीच्या अर्जात एक प्रश्न होता : चित्रात ओळखू येणारी व्यक्ती आहे का? चेहरा दिसत नव्हता. "नाही" म्हटलं असतं तर कुणाच्या बापाला कळणार होतं? पण हिने "होय" केलं आणि खाली लिहिलं, स्टुलावर उभे असलेले गृहस्थ आमचे वडील, हे दुकान त्यांचं. लिहिताना तिला फार बरं वाटलं, खोटं नाही सांगत.

उत्तर कचेरीत असतानाच आलं. परवानगी दिली होती! ती खुर्चीतून उठलीच. मग खालचं वाचलं. व्यक्ती ओळखता येते असं आपण कळवल्यामुळे, धोरणानुसार ती आकृती पुसट करण्यात आली आहे. हा बदल मागे घेता येत नाही. यापुढे सध्याचंच चित्र वापरावं. जसंच्या तसं, चिन्हासकट.

तिने हातापाया पडल्यासारखं पत्र लिहिलं. उत्तर आलं : क्षमस्व.

"हात दाखवून अवलक्षण!" धाकटा फोनवर ओरडला. मग बराच वेळ नुसतं नाक ओढत राहिला. "जुना फोटो आहे माझ्याकडे, ताई. आईला तो देऊ."

"त्यात आई चालणार कशी रे?"

ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी धावली. आईचा चहा झाला होता. टॅब मांडीवर होता.

"बरी आलीस. ही काच पुसून दे गं, डाग पडलाय."

लेकीने रुमाल घेतला आणि माहीत असून काच पुसली. दोनदा पुसली. स्टूल होतं, पाटी होती, मधे राखाडी ठिगळ. आई बेकरीपर्यंत मागे गेली, पुन्हा चालत आली. रस्त्याच्या पलीकडून बघून झालं.

"हे कुठे गेले गं?"

"आई, माझ्यामुळे झालं." तिने सगळं सांगितलं; फिल्म, नियम, अर्ज. "उद्या कुणी नाव ठेवू नये म्हणून विचारलं गं मी."

"कुणाला विचारलंस?"

"कंपनीला."

आईने मान हलवली. तिचं बोट अजून काचेवरच होतं.

"आणि मला?"

आख्ख्या जगाचा होकार आणणारी बाई, आणि घरातल्या पलंगावर बसलेल्या माणसाला विचारायचं राहून गेलं होतं. "चुकलं गं आई," एवढं ती कसंबसं म्हणाली.

आई तिच्याकडे बघत नव्हती. बोटाने ती मागे फिरली. दवाखाना, शिंपी, बेकरी. कोपऱ्यावर पोचल्यावर तिने टॅब लेकीच्या हातात दिला.

"ठेवून दे कुठेतरी. आता तिकडे माझं कुणी नाही."