आत्याच्या रक्तातलं पिवळं पाणी

"डॉक्टरीणबाई, मच्छर जात पाहून चावते का?"

हा प्रश्न माझा नव्हता, हे आधीच सांगून टाकते. तो सुचित्राचा होता. घाटंजीकडे एक नवाच ताप सुरू झाला होता, त्याची माहिती द्यायला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टर शुभदा हरदास आमच्या शाळेत आल्या होत्या. कडक ताप, डोळ्यांच्या मागे कळ, आणि मग नाकातून, हिरड्यांतून रक्त. सगळा वर्ग गप्प होऊन ऐकत होता. तेवढ्यात सुचित्रानं माझ्या मांडीला चिमटा काढला. "लोक म्हणतात, तो ताप फक्त तुमच्या वस्तीत येतो. विचार ना, मच्छर जात पाहून चावते का! हिंमत नाही ना?" मागच्या बाकावरच्या पोरी लगेच खुसफुसल्या, "नाही विचारत ती, नाही विचारत."

वर्षभरापूर्वी मी खरंच विचारलं नसतं. पण त्या पावसाळ्यात वादविवाद स्पर्धेत मला ढाल मिळाली होती, आणि तेव्हापासून बाकावर गप्प बसणं मला जमतच नव्हतं. उठले आणि विचारलं. गुरुजींचा चेहरा असा झाला की जणू मी खडूची पेटीच त्यांच्या डोक्यावर उलटी केली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. चष्मा काढून पदराला पुसत म्हणाल्या, "मला माहीत नाही."

एवढी शिकलेली बाई भर वर्गात 'माहीत नाही' म्हणते! मी बघतच राहिले.

"मला वाटतं, पाहत नसावा," त्या म्हणाल्या. "पण मला वाटून काय उपयोग? दोन्हीकडच्या माणसांचं रक्त तपासायला हवं. नाव काय तुझं? सत्यशीला? ये दवाखान्यात. दाखवते."

दवाखान्यात तर मी रोजच जात होते. रुखमा आत्या तिथंच होती, घाटंजीहून तोच ताप घेऊन आलेली.

रुखमा आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिनंच बाबांना निंदण-खुरपण करून शिकवलं, म्हणून ते 'देवराव मास्तर' झाले. आठ वर्षांपूर्वी नागपूरला दीक्षा घेऊन आली, त्याच दिवशी तिनं घरातले देव फडक्यात बांधले आणि वाघाडी नदीत सोडून दिले. मागे वळूनही पाहिलं नाही, असं बाबा अभिमानानं सांगत. आणि आता तीच आत्या खाटेवर पडून, हिरड्यांना कापसाचा बोळा लावून, मला हळूच विचारत होती, "सत्ते, खरं सांग. म्या मरीमायले पाण्यात सोडलं, म्हणून तं तिनं माह्या दातातून रक्त नाही काढलं?"

घाटंजीच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी तिच्या डोक्यात हे भरवून दिलं होतं. दिवाळीच्या अमावस्येला मरीमायला बकरं द्यायचं, आत्यानंही हळदकुंकू घेऊन पुढं यायचं, असं ठरलं होतं. आत्यानं हो म्हटलं होतं.

"ताई, देव पुजणार नाही अशी आपण शपथ घेतली ना?" बाबा म्हणाले.

"शपथ तू बी घेतली, म्या बी घेतली. पण दात माहे हालले रे देवराव."

बाबा बाहेर जाऊन कडुनिंबाखाली उभे राहिले. त्यांना असं मी कधीच पाहिलं नव्हतं. मला रडू आलं नाही, उलट माझं डोकं भराभरा चालायला लागलं. या तापाचं खरं नाव काय? कोणाला कळेल?

मी डबा आत्याच्या उशाशी ठेवला आणि थेट डॉक्टरीणबाईंची खोली गाठली. खोली कसली! पूर्वी तिथं गाद्या ठेवत, अजूनही कोपऱ्यात कापसाचे पुंजके होते. एक सूक्ष्मदर्शक, काचेच्या नळ्यांचं लाकडी स्टँड, आतून पत्रा मारलेली बर्फाची पेटी आणि टेबलाला घट्ट बसवलेलं, हातानं फिरवायचं एक यंत्र. बस. यालाच त्या 'आपली प्रयोगशाळा' म्हणत होत्या, आणि म्हणताना त्यांचे डोळे असे चमकत की हसायची सोयच नव्हती.

"ताप मच्छरामुळं की मरीमायमुळं, हे रक्तावरून कळते का?" मी विचारलं. या वेळी प्रश्न माझा स्वतःचा होता.

"मरीमाय मला तपासता येत नाही. विषाणू तपासता येतो. तोही इथं नाही, पुण्याला. आपण रक्त नीट तयार करून पाठवायचं, एवढंच सध्या इथं जमतं."

त्यांनी एक नळी उजेडात धरली. खाली रक्ताची काळपट गुठळी, वर स्वच्छ पिवळं पाणी. गव्हाच्या काडीच्या रंगाचं! आपल्या आत हे असतं, हे मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

"हे तुझ्या आत्याचं. ताप असतानाचं," त्या म्हणाल्या. "विषाणू अंगात शिरला की शरीर त्याच्याशी लढायला शिपाई उभे करतं. ते या पाण्यात असतात. ताप असताना थोडे, बरं झाल्यावर भरपूर. म्हणून रक्त दोनदा हवं. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय पुण्याचे लोक नाव सांगू शकत नाहीत."

मग त्यांनी मला ते यंत्र फिरवू दिलं. गरगर, गरगर! उरलेले तांबडे कण तळाशी गेले आणि पाणी आणखी नितळ झालं. त्या दिवशी मी घरी चालत गेलेच नाही, उड्या मारत गेले.

आत्या बरी होऊन आमच्या घरी राहायला आली. दुसऱ्यांदा रक्त द्यायचं म्हटल्यावर मात्र ती भडकली. "बिमार होती तवा घेतलं, ठीक. आता चांगल्या माणसाचं रक्त कायले पायजे? घेऊन घेऊन अंगात काय उरीन?" मी तिच्या मागे मागे फिरून, डोक्याला तेल चोळून, कसंबसं तिला दवाखान्यात नेलं. तिनं डोळे मिटून हात पुढं केला.

त्याच सुमारास सुचित्रा शाळेत दिसेनाशी झाली. मग एकदा दवाखान्याच्या व्हरांड्यात दिसली. तिचे वडील वामनराव वकील आतल्या खोलीत होते. ती मला बिलगलीच.

"बाबांना तोच ताप आलाय गं. नाकातून रक्त आलं. तुझी आत्या बरी झाली ना? खरंच झाली ना?"

"कालच माझ्या आईला भाकरी जाड झाली म्हणून बोलली. एकदम बरी आहे."

रडता रडता ती हसली. मग म्हणाली, "मिळालं तुझ्या प्रश्नाचं उत्तर."

"छे, अजून कुठं? तुझ्या बाबांचंही दुसरं रक्त यायचं आहे," मी अगदी डॉक्टरीणबाईंच्या सुरात म्हणाले. वकीलसाहेब आठवडाभरात उठून बसले.

पण घोटाळा झाला तो आत्याच्याच दुसऱ्या नळीचा. धामणगावहून रेल्वेनं पुण्याला पाठवण्याआधी डॉक्टरीणबाईंनी पेटी उघडली आणि नळी उजेडात धरली. पिवळं पाणी नव्हतंच. सगळं जांभळाच्या रसासारखं गडद लाल.

बर्फ आणायचं काम धावजीकडे होतं. दवाखान्यात लागण्याआधी तो घाटंजीच्या बाजारात कुल्फी विकायचा. तो खुशीत सांगत होता, "बाई, या बारीनं बर्फात मीठ टाकलं. कुल्फीले टाकतो ना, तसं. चांगलं गच्च थंड राहाले!"

मीठ घातलं की बर्फ आणखी गारठतो, हे मला माहीत होतं. पण अजून पाणी वेगळं न केलेलं रक्त गोठून बर्फ झालं, तर त्यातले लाल कण फुटतात आणि सगळं रंगून जातं, हे तेव्हा कळलं. तपासायला काही उरलं नव्हतं.

धावजीचं तोंड एवढंसं झालं. त्यानं बाही वर सारली. "माहं घ्या बाई. दोन बाटल्या घ्या. रुखमाबाईच्या नावानं पाठवून द्या."

"तसं नाही चालत, धावजी," त्या हसल्या, पण डोळ्यांत पाणी होतं. "चूक माझी. बर्फ आण म्हटलं, कशाला हवा ते तुला सांगितलंच नाही." आणि त्यांनी त्याला शेजारी बसवून सगळं समजावलं, मला समजावलं होतं तसंच.

आत्याला सांगायचं काम माझ्याकडे आलं. तिनं ऐकलं आणि पिशवी भरायला घेतली. "पाह्यलं? मरीमायलेच नाही पायजे हे. मी चालली घाटंजीले. अमावस्या जवळ येऊन राह्यली."

बाबा दारात उभे होते. 'ताई' एवढंच म्हणाले.

"जा," मी म्हणाले. "पण जाताना दवाखान्यावरून चल. धावजी दोन दिवस जेवला नाही. त्याले एवढं सांगून जा, का तू त्याच्यावर रागावली नाही."

आत्या तशी मऊ. आली.

खोलीत वामनराव वकील बसले होते, दुसऱ्या रक्तासाठी. कोर्टात म्हणे त्यांच्या आवाजानं खिडक्या हलतात. इथं मात्र त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. "झालं का? बाई, झालं का?"

"अजून सुई लावलीच नाही, वकीलसाहेब."

आत्या त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. मग म्हणाली, "साहेब, तुमच्याही दातातून रक्त आलतं?"

"नाकातून आलं हो, बाई. दातांतूनही आलं. वाटलं, आता संपलं."

"तुमच्या घरी देव हायेत?"

वकीलसाहेब गोंधळले. "आहेत की. मोठा देव्हारा आहे. रोज दोन्ही वेळा पूजा होते."

"कधी पाण्यात सोडले नाही?"

"छे छे! कशाला सोडू?"

 आत्यानं पिशवी खाली ठेवली आणि बाही वर केली. "घे बाई. पण त्या मीठवाल्याले जरा दूर बसव."

दारातला धावजी त्या दिवसांत पहिल्यांदा हसला.

दोघांच्या नळ्या स्टँडवर उभ्या राहिल्या. आत्या जागची हललीच नाही. गुठळी हळूहळू आकसली, वर पिवळं पाणी सुटलं. आत्यानं वाकून पाहिलं. "याच्यातली माही कोणती?"

डॉक्टरीणबाईंनी नळीवरची चिठ्ठी पाहायला हात पुढं केला.

"अंहं. चिठ्ठी पाहू नको. तशीच सांग."

"तशी नाही सांगता येत, रुखमाबाई. मलाही नाही."

"मंग पाहू," आत्या म्हणाली, "पुणं काय म्हणते ते." घाटंजीची गाडी तिनं त्या दिवशी सोडून दिली.

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या त्या संध्याकाळी डॉक्टरीणबाई स्वतः आमच्या घरी आल्या. आईनं कप तीनदा धुतला, चहात साखर जास्तच घातली. त्यांनी तो गोड चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि मग सांगितलं. आत्याला आणि वकीलसाहेबांना एकच ताप होता. डेंग्यूच्या घराण्यातला. साठवलेल्या पाण्यात वाढणाऱ्या, दिवसा चावणाऱ्या मच्छराचा.

"साठवलेल्या?" आत्या ताठ बसली. "म्हणजे माह्या रांजणात?"

"रांजणात, हौदात, कुठंही. आठवड्यातून एकदा रिकामा करून घासायचा, कोरडा करायचा, वर फडकं बांधायचं."

"आणि मरीमाय?"

"तिचं तुमचं तुम्ही बघा. मच्छराचं मी सांगितलं."

आत्या हसली. खळखळून, पूर्वीसारखी. बाबांनी चष्मा काढून उगाचच पुसला.

"पण एक अडचण आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोघांवरून सगळ्या घाटंजीचं सांगता येत नाही. तिथली आणखी रक्तं हवीत, आजारी लोकांची आणि चांगल्यांचीही. माझी जीप वस्तीत शिरली की दारं बंद होतात."

"होतीनच. म्या बी लावलं असतं," आत्या म्हणाली. "मी उद्या जाते. बकऱ्याच्या आधी रांजणाचं सांगते. पण म्हणतीन, रुखमीले त्या बाईनं भुलवलं. माह्या एकटीचं कोण ऐकते?"

 आईनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं असावं, कारण ती घाईघाईनं म्हणाली, "ताप आहे तिथं. मी आताच सांगून ठेवते, कोणी..."

मी उठून उभी राहिले, वर्गात राहिले होते तशीच. फक्त या वेळी कोणी चिमटा काढला नव्हता.

"बाबा, आई, मी उद्या आत्यासोबत घाटंजीला जाते आहे. पूर्ण सुट्टी तिथंच राहणार. घराघरात जाऊन पिवळ्या पाण्याचं सांगणार, आणि डॉक्टरीणबाई आल्या की सगळ्यांच्या आधी बाही मी वर करणार."