अंगठ्याभोवतीची मोकळी जागा

संग्रहालयात जुन्या युद्धकाळातल्या व्यंगचित्रांचं प्रदर्शन भरणार होतं. तिथल्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका लेकीचा जीव त्यातल्या एकाच चित्राखालच्या माहितीच्या पाटीत अडकला होता.

चित्र चाळीस वर्षांपूर्वी एका वर्तमानपत्रात आलेलं. सीमेच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन सेनापती मेलेल्या शिपायांचे बूट तराजूत तोलताहेत आणि दोघंही अंगठ्याने आपापलं पारडं हळूच दाबताहेत. ‘आपल्या सेनापतीचा अंगठा काढा,’ असा वरून हुकूम आला होता. तरी चित्र अंगठ्यासकट छापलं गेलं. पाटीवर कारण होतं: ‘ब्लॉक विभागाची नजरचूक.’

ब्लॉक म्हणजे छपाईचा ठसा, आणि तो विभाग म्हणजे एकटे तिचे बाबा. जस्ताच्या पत्र्यावर चित्राच्या रेषा राखून बाकीचं ॲसिडला खाऊ द्यायचं, नको असलेली रेष कोरणीने उडवायची, हे त्यांचं काम. चौकशीत ते ‘विसरलो’ म्हणाले, नोकरी गेली, आणि घरातही तेच सांगत राहिले. काका अजून चिडवायचे, “दादा, जेवलास की विसरलास?”

चित्रासोबत संग्रहालयात आलेला तो पत्रा तिने सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. ॲसिडने खाल्लेला तळ खरखरीत असतो. सगळीकडे तसाच होता. पलीकडच्या सेनापतीचा अंगठा सावलीच्या रेषांत बुडालेला. अलीकडच्याच्या अंगठ्याभोवती मात्र तळ गुळगुळीत, कोरणीच्या अठरा खुणा. सावली तेवढी उडवलेली, अंगठ्याला ओरखडासुद्धा नाही. मोकळ्या जागेमुळे नजर आधी तिथेच जात होती.

संध्याकाळी तिने त्या खुणांचा फोटो बाबांपुढे ठेवला.

“विसरलेल्या माणसाने अठरा वेळा हत्यार चालवलं?”

बाबांनी फोटो खिडकीशी नेला. “सतरा. एक घसरलेली आहे, ती धरू नकोस.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“मुद्दाम केलं म्हटलं असतं, तर चित्रकार आणि संपादक दोघंही गोत्यात आले असते. विसरणारा एकटाच बुडतो.”

“आणि आता?”

“आता ते दोघंही नाहीत. लिही.”

दुसऱ्या दिवशी संग्रहपाल म्हणाले, “वडिलांसाठी पाटी बदलता येत नाही, बाई.”

“माझं ऐकू नका. पाहा,” म्हणत तिने सूक्ष्मदर्शकापुढची खुर्ची मागे ओढून दिली. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग उठले आणि स्वतःच पाटी काढून आले.

नव्या पाटीवर होतं: ‘अंगठा काढण्याचा हुकूम असताना ब्लॉकमेकरने तो जाणूनबुजून ठळक केला.’

उद्घाटनाला बाबा कडक इस्त्रीचा सदरा घालून चित्रापाशी उभे होते. एका बाईंनी विचारलं, “तुम्ही चित्रकार का?”

“नाही,” बाबा म्हणाले, दालनाच्या टोकाला असलेल्या काकांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात. “मी ब्लॉकमेकर.”