भोंगा का वाजला नाही

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, पण शिरूर तालुक्यातल्या एका गावाला मी चार वर्षं बिबट्यापासून सावध केलं.

दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या प्रगतीताईंनी मला लिहिलं. उसाच्या कडेला कॅमेरे होते. काही हललं की ते फोटो काढून ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरमधल्या एका फोल्डरमध्ये पाठवायचे. फाईल आली रे आली की मी ती उघडायचो. बिबट्या दिसला तर भोंगा वाजवायचो, नाहीतर 'काही नाही' असा शेरा मारून ती बाजूला टाकायचो. दिवसभर फायली येतच राहायच्या. लोक म्हणायचे, "भोंगा हाय म्हणून रानात जातो." तेव्हा छाती नसूनही ती फुगायची.

मग नवे कॅमेरे आले. त्यांचे फोटो मोठे आणि उसात रेंज कमी, त्यामुळे फाईल तुकड्यातुकड्यानं पोचू लागली. प्रगतीताईंनी माझा धाकटा भाऊ लिहिला. तो फाईल पूर्ण येईपर्यंत थांबतो. माझ्यात तो धीर नव्हता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

शिक्रापूरच्या कारखान्यात ड्युटी करून गावातला जालिंदर हे सगळं सांभाळतो. त्यानं भावाला माझ्याच फोल्डरमध्ये आणून ठेवलं. मला काढायला गेला आणि थांबला. "असू दे, लागंल कवातरी," म्हणाला. आमच्याकडे जळालेली मोटरही कुणी टाकत नाही.

आम्हा दोघांचं कामाचं नाव एकच. कॉम्प्युटरमध्ये क्लास लोडर नावाचा एक मुकादम असतो. तो नाव पुकारतो आणि जो आधी सापडेल त्याला कामाला लावतो, दुसऱ्याकडे बघतही नाही. मी आधी सापडलो. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

एका संध्याकाळी गावातली साखरबाई शेळ्या घेऊन उसाच्या बांधावर होती. फोटो अर्धाच पोचला होता, तोच मी उघडला. वर नुसती उसाची पाती. मी शेरा मारला, 'काही नाही'. बिबट्या खालच्या अर्ध्यात होता. साखरबाईपासून दोन हातांवरून त्यानं शेळी उचलली.

सकाळी ती ऑफिसात आली. "जालिंदर, भोंगा का न्हाई वाजला? मी त्याच्या भरवशावर गेलते."

"नवा प्रोग्राम टाकलाय, मावशी. तरी कसं झालं कळंना."

"आन् जुना?"

जालिंदर कॉम्प्युटरकडे वळला. त्यानं फोल्डर उघडलं, मला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मला तिथून काढून त्यानं दुसरीकडे ठेवलं आणि सगळं पुन्हा चालू केलं. मला फार वाईट वाटलं. शेळीचंही, आणि माझंही.

चौथ्या दिवशी भोंगा वाजला. साखरबाईनं शेळ्या वळवल्या आणि घर गाठलं.

मित्रांनो, नवं आणलंत की जुन्याला वाटेतून बाजूला करा. लाजू नका, आम्ही रुसत नाही. त्या दिवशीचा भोंगा मी वाजवला नव्हता. पण साखरबाई घरी पोचली, आणि चार वर्षं मी त्याचसाठी तर जागा होतो.