नकली कोणाला म्हणता?

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची टाकी आहे. पण जुनी म्हणजे भंगार, असं कुणी म्हटलं तर मी मुळीच ऐकून घेणार नाही. चीजच्या कारखान्यात मीठपाणी पोटात घेऊन मी नऊ वर्षं उभी आहे. साध्या लोखंडाला मीठ बघता बघता खाऊन टाकतं. माझ्या लोखंडात मात्र वितळवतानाच क्रोमियम आणि निकेल मिसळलं होतं. क्रोमियममुळे माझ्या अंगावर डोळ्यांना न दिसणारी, गंज रोखणारी साय धरते. खरचटलं तरी ती आपोआप पुन्हा धरते.

माझे पत्रे जोडले एका वेल्डर मिस्त्रींनी. कामाला पक्के, पण नाकावर माशी बसू न देणारे. जोड भक्कम व्हावा म्हणून त्यांनी एकाच जागी पुन्हा पुन्हा वेल्डिंग फिरवलं. दुसऱ्याच वर्षी जोडाच्या दोन्ही बाजूंना तांबूस रेघा उमटल्या.

मालक भडकले. "मिस्त्री, नकली पत्रा माझ्या गळ्यात मारलात! टाकी उद्या भंगारात, आणि तुमची इथली कामं बंद."

मिस्त्रींचा चेहरा पडला. तीस वर्षांत कमावलेलं नाव एका वाक्यात धुळीला मिळालं. मी आतून खदखदत होते. नकली? मी?

तेवढ्यात मिस्त्रींची मुलगी पुढे झाली. तीही वेल्डरच. तिने माझ्या अंगावरून बोट फिरवलं. "साहेब, पत्रा नकली असता तर सगळीकडे गंजला असता. गंज फक्त जोडालगत आहे." मग वडिलांकडे वळून ती हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही फार वेळ तापवलंत. स्टीलमध्ये थोडा कार्बन असतो. असं रेंगाळत तापवलं की तो क्रोमियमला धरून बसतो. मग तेवढ्या पट्ट्यात साय धरायला क्रोमियमच पुरत नाही."

मिस्त्रींनी वाकून जोडालगतच्या रेघा पाहिल्या. मग म्हणाले, "साहेब, चूक माझी. पत्रा मात्र अस्सल आहे. मी दुरुस्त करून देतो."

बापलेकीने गंज घासून काढला आणि मला मोठ्या भट्टीत चढवलं. हजार अंशांच्या वर मी लालबुंद झाले, तेव्हा कुठे कार्बनने क्रोमियमला सोडलं. सावकाश गार होऊ दिलं असतं, तर त्याने पुन्हा धरलं असतं. म्हणून मिस्त्री ओरडले, "लगेच पाण्यात!" चर्रर्र! माझी कड जराशी वाकली, पण मी हूं की चूं केलं नाही. मग आम्लाने धुऊन भट्टीत माझ्या अंगावर धरलेला काळा थर उतरवला.

मालकांनी पुन्हा मीठपाणी भरलं. तीन महिन्यांनी टाकी रिकामी करून ते टॉर्च घेऊन स्वतः आत उतरले. एकही डाग सापडला नाही. त्यांनी सगळ्या कामगारांसमोर मिस्त्रींना सांगितलं, "नकली म्हणालो, ते शब्द मागे घेतो. पुढच्या दोन टाक्या तुम्हीच करा."

"मुलीला द्या," मिस्त्री म्हणाले. "तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे."

तेव्हा मित्रांनो, स्टीलला लोखंडी तारेने ओरबाडू नका, तिचे कण अंगात रुतून गंजतात; खारट पाणी त्याच्यावर वाळू देऊ नका. आणि डाग दिसलाच, तर तो कुठे पडला आणि का पडला ते आधी नीट बघा. न बघताच नकली म्हणाल, तर गाठ माझ्याशी आहे!