मामाच्या हातचं उष्टावण

"वजन पुन्हा वाढलेलं नाही." घरी येणाऱ्या हेल्थ व्हिजिटर नर्सने स्वानंदला तराजूवरून उचलून माझ्याकडे दिलं. "सातवा महिना संपत आला. अजून सॉलिड्स का नाहीत?"

"पुढच्या आठवड्यापासून," मी म्हटलं. मागच्या खेपेलाही हेच म्हटलं होतं.

ती गेल्यावर गिरीश म्हणाला, "सांगायचं ना तिला, मामाने उष्टावण केल्याशिवाय पोराच्या तोंडात घास घालत नाही म्हणून. डॉक्टरच्या घरात. कॉव्हेंट्रीत."

"शशीदादाने शब्द दिलाय. खीर तोच करणार."

"मंजू, तो वेढ्यात अडकलाय."

जसं काही मला माहीत नव्हतं. दादा फौजेत आचारी. गिरीशच्या हॉस्पिटलमधल्या मित्रांसमोर मात्र नुसताच 'आर्मीत'. यूएनच्या तुकडीबरोबर तो आफ्रिकेत सिएरा लिओनला गेला आणि मे महिन्यात बंडखोरांनी तो होता त्या गावाला वेढा घातला. इथल्या बातम्यांत ब्रिटिश सैनिक राजधानीतून आपली माणसं विमानात बसवताना दिसले. मग विम्बल्डन सुरू झालं. आमच्या माणसांचं नावही नाही.

साताऱ्याहून आईचा फोन यायचा. "रेशन संपत आलंय म्हणे त्यांचं. बाळाचं थांबव हं. मामा येईल." आपण भरवलं तर दादा येणारच नाही, असं माझ्याही डोक्यात बसलं होतं. स्वानंद आमच्या ताटांकडे बघून ओठ हलवायचा. मी ताट उचलून दुसऱ्या खोलीत जायचे.

जुलैत वेढा फुटला. शनिवारी सकाळी दादाचा फोन आला.

"कसा आहेस?"

"आहे. बारीक झालोय. वहिनी खूश होईल तुझी."

"कधी येतोस? दूध आटवायला घेते."



"मंजू, शेवटी भातसुद्धा नव्हता गं. एक म्हातारी आमच्या तळाच्या कुंपणातनं कसावा द्यायची. कंद असतो, रताळ्यासारखा. घरात तिची नातवंडं. मी घ्यायचो अन् आमच्या जवानांना उकडून घालायचो. मीपण खायचो."

"मग?"

"मग काय. सोडवायला हेलिकॉप्टरं आली. बंडखोर गावातच, म्हणून मारा गावावरच. आम्ही गाड्यांत बसून निघालो तेव्हा तिचं छप्पर जळत होतं. ती दिसली नाही. नातवंडंही नाहीत. पेपरात आलं असेल ना, जिंकलो म्हणून?"

"इथे काहीच आलं नाही, दादा."

"बरं झालं." मग म्हणाला, "माझ्या हातनं नको उष्टावण. पोरांच्या तोंडचं खाल्लंय मी. गिरीशरावांना सांग भरवायला. आत्ताच."

मी गिरीशला हाक मारली. दादाचा निरोप सांगितला. त्याने कुकरमधला भात कुस्करला, वर तूप घातलं आणि जमिनीवरच मांडी घातली. पहिला घास स्वानंदने थुंकला. दुसरा गिळला. मग चमचा यायच्या आधीच तोंड उघडू लागला.

"खातोय का?"

"खातोय."

"चमचा ओढतोय?"

"हो."

"मग थांबवू नका त्याला. फोन ठेवू नकोस, असाच धर."

मी रिसीव्हर खाली स्वानंदजवळ धरला. स्टीलच्या वाटीत चमचा वाजत राहिला. लाइन चालू होती.