उरलेली चिठ्ठी

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझी बाजू घ्यायला नको.

आमच्या डोंगरातल्या गावात मी शाळामास्तर. नोकरी टिकावी म्हणून पक्षाचा काळा सदरा अंगावर चढवला आणि त्या दिवसापासून सेत्तिमिओ मोच्याने माझ्याशी बोलणं टाकलं. लहानपणापासूनचा दोस्त, पण दुकानावरून गेलो तरी मान वर करेना.

चौतीस सालचं मतदान नेमकं ईस्टरच्या आधीच्या रविवारी आलं. त्या दिवशी आमच्याकडे चर्चमधून ऑलिव्हची डहाळी आणतात आणि ज्याच्याशी बिनसलंय त्याला देतात. दिली की भांडण मिटलं. सेत्तिमिओने पायऱ्यांवरच माझ्या हातात डहाळी कोंबली.

"घे, गाढवा," तो म्हणाला. "सदरा काळा असला तरी आतला माणूस ओळखीचा आहे."

तासाभराने तो मत द्यायला आला. टेबलाशी मीच होतो. मत कसलं, रोमच्या नेत्याला हो म्हणायचं की नाही, एवढंच. प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या : 'हो'ची झेंड्याच्या रंगांची, 'नाही'ची पांढरी. एक पेटीत टाकायची, उरलेली घडी घालून माझ्याकडे परत द्यायची. कागद इतका पातळ की घडीतूनही रंग दिसे. सेत्तिमिओने परत दिलेली चिठ्ठी रंगीत होती. मी त्याच्याकडे पाहिलं.

"ज्याला सगळ्यांचं हो मिळतं ना," तो हळूच म्हणाला, "तो उद्या सगळ्यांची पोरं मागतो."

मी ती चिठ्ठी ढिगाच्या तळाशी सारली. तेवढ्यापुरता मला माझा अभिमान वाटला.

संध्याकाळी मोजणी झाली. तीनशे बारा हो, एक नाही. गावचा पक्षप्रमुख फाब्रेत्ती याने 'सगळं गाव एकमुखाने' अशी तार आधीच लिहून ठेवली होती. त्याने मला घरी बोलावलं, कॉफी दिली, माझ्या आईची चौकशी केली. मग म्हणाला, "मास्तर, तुमची बदली सार्डिनियाला व्हावी असं मला मुळीच वाटत नाही."

मारलं नाही, नीट धमकावलंही नाही. कॉफी संपायच्या आत मी नाव सांगून मोकळा झालो.

दोन दिवसांनी सेत्तिमिओला नेलं. आरोप निराळाच ठेवला होता, गुत्त्यात नेत्याला शिव्या दिल्याचा. शिक्षा पाच वर्षं दूरच्या एका बेटावर हद्दपारीची. गुत्तेवाल्यानेच चुगली केली असं गाव म्हणू लागलं, आणि मीही मान डोलावली. त्या बिचाऱ्याचं गिऱ्हाईक तुटलं.

पुढच्या वर्षी आमची पोरं फौजेतून आफ्रिकेत हबशांच्या मुलखावर चालून गेली. त्यांत सेत्तिमिओचा मुलगा नेल्लोही होता. वर्गातल्या नकाशावर जिंकलेल्या गावांत झेंड्याच्या टाचण्या मीच टोचत असे, आणि मुलांकडून टाळ्या वाजवून घेत असे.

छत्तीसच्या त्याच डहाळीच्या रविवारी सेत्तिमिओची बायको देल्फिना चर्चच्या पायऱ्यांवर माझ्यापाशी आली. बेटावर नवऱ्याला भेटून आली होती. हातात दोन डहाळ्या. एक गुत्तेवाल्यासाठी घेतलेली, पण चुगलखोर म्हणून त्याला मुद्दाम न दिलेली; एक माझी.

"त्यानं आठवणीनं द्यायला सांगितलीय," ती म्हणाली. "म्हणाला, मास्तरानं माझी चिठ्ठी पाहिली होती, पण तोंड उघडलं नाही. सगळ्या गावात तेवढा एक माणूस."

खरं सांगायला ती जागा चांगली होती. दिवसही चांगला होता.

"मिळाली म्हणून सांग त्याला," मी म्हणालो, आणि डहाळी घेतली.